माहूरची चढण आणि माथ्यावरची ओसरी

आमचा भाचा, लातूरच्या भगिनीचा धाकटा मुलगा, कांहीं वर्षांपासून स्वित्झर्लंड देशीं झूरिक शहरांत नोकरीनिमित्त राहतो. गेल्या श्रावणांत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यांत, त्यानें आम्हांस एक दीर्घ पत्र लिहिलें. रविवारीं पहाटे निघावें, पाठीवर पिशवी टाकून तीन-चार तास डोंगर चढावा, वर दगडालाकडाचें एक लहानसें घर लागतें तेथें बाकावर बसावें, तेथील रखवालदारानें पुढें ठेवलेलें ऊन ऊन सूप आणि पाव खावा, समोरचीं हिमशिखरें डोळे भरून पाहावीं आणि सायंकाळच्या आंत घर गांठावें, असा तेथील गृहस्थांचा परिपाठ असल्याचें त्यानें मोठ्या कौतुकानें कळविलें होतें. शेवटीं एक प्रश्न होता : "मामा, आपल्याकडे असें कांहीं कां नाहीं?"

या प्रश्नास पत्रांतून उत्तर देण्यापेक्षां, वैशाखांत तो रजेवर येईल तेव्हां त्याच्या पायांनींच तें त्याला शोधूं द्यावें, असें आम्हीं ठरविलें. तें उत्तर येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हाच प्रश्न पुष्कळ घरांतील तरुण मंडळींच्या मनांत असावा असा आमचा तर्क आहे.

आल्प्स पर्वतांतील या घरांची कुळकथा प्रथम थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्विस आल्पाइन क्लब ही संस्था १८६३ सालीं स्थापन झाली, आणि त्याच वर्षीं ग्लारुस प्रांतांतील ट्योडी या पर्वताच्या अंगावर तिचें पहिलें आसऱ्याचें घर उभें राहिलें. आज त्या एका संस्थेचींच अशीं सुमारें दीडशें घरें आहेत. परंतु कल्पना याहून फार जुनी. ग्रेट सेंट बर्नार्ड नांवाच्या खिंडींत, समुद्रसपाटीपासून सुमारें आठ हजार फूट उंचीवर, ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ अकराव्या शतकापासून नांदत आहे. बर्फांत वाट चुकलेल्या वाटसरूस शोधून आणावें, त्याला ऊब आणि अन्न द्यावें, त्याचा देश व धर्म विचारूं नये, हें त्या मठाचें व्रत. १८०० सालीं नेपोलियनचें सैन्य याच खिंडींतून इटलींत उतरलें. त्या मठांतील थोराड कुत्र्यांच्या गोष्टी मुलांच्या पुस्तकांतून पुष्कळांनीं वाचल्या असतील. सांगावयाचें तें इतकेंच कीं, डोंगरावरच्या आसऱ्याचा आरंभ तिकडेहि मठांतच झाला.

आमच्या संस्कृत भाषेनें तर ही सारी गोष्ट एका धातूंत सांठवून ठेविली आहे. 'श्रम्' म्हणजे कष्टणें, थकणें. त्यापासून श्रम, परिश्रम, आश्रम आणि विश्रम. (पाणिनीच्या नियमाप्रमाणें 'विश्रम' हेंच रूप शुद्ध, परंतु 'विश्राम' इतकें रूढ झालें आहे कीं, त्यासाठीं आम्हीं कोणा विद्यार्थ्याचा गुण कधीं कापला नाहीं.) कष्ट आणि विसांवा हे दोन अर्थ एकाच मुळावर वाढले आहेत. ज्याला श्रम झालेले नाहींत त्याला आश्रमाची गोडी कळत नाहीं, हें व्याकरणच सांगतें.

आतां आमचा मुलूख. लातूर-नांदेडकडील भूमि बहुतांशीं सपाट, काळी, ज्वारी-तुरीची. डोंगर म्हणावे असे थोडे. उदगीर तालुक्यांत देवर्जनजवळ हत्तीबेट म्हणून एक टेकाड आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामांत रझाकारांशीं झुंजणाऱ्यांचें तें ठाणें होतें, म्हणून तें प्रत्येक मुलानें पाहावें, परंतु तें चढावयास फार वेळ लागत नाहीं. औसे तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं पाहण्याजोगीं. पण तेथेंहि चढ थोडका. पहाटे निघावें, घाम गाळीत चढावें, माथ्यावर कोणीतरी पाणी विचारावें आणि दिवस कलल्यावर उतरावें, असा पुरा दिवस देणारा डोंगर आमच्याकडे एकच, तो माहूरचा.

माहूर हें नांदेडच्या ईशान्येस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, पैनगंगेच्या कांठीं, सागवानी रानांत वसलें आहे. रेल्वेनें जावयाचें तर किनवट स्थानकावर उतरून पुढें सुमारें पन्नास किलोमीटर मोटारीनें जावें लागतें. हा किनवट-माहूरचा टापू १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून जुन्या मंडळींच्या बोलण्यांत अजून तेलुगू शब्द सांपडतात. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी नाना तऱ्हेची वस्ती. एका शिखरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया, आणि शेजारीं जुना किल्ला. रेणुका ही साडेतीन पीठांपैकीं एक, आणि कित्येक देशस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. परशुराम कावडींत पित्याचा देह आणि माता घेऊन कोरी भूमि शोधीत येथें आला व दत्तात्रेयांनीं आचार्यत्व करून अंत्यविधि करविला, ही कथा वाचकांस नव्यानें सांगावयास नको. दत्तात्रेयांचें निद्रास्थान म्हणून महानुभावांना येथील देवदेवेश्वराचें स्थान पवित्र. याच माहूरची रायबागन ही पराक्रमी देशमुखीण मोगलांची सरदार होती. १६६१ सालीं उंबरखिंडींत कारतलबखान शिवाजी महाराजांच्या कोंडींत सांपडला तेव्हां ती त्याच्या सैन्यांत होती, आणि शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिनेंच त्याला दिला असें सांगतात.

एवढ्या उन्हांत जाण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. वैशाख शुद्ध तृतीयेस परशुरामाची जयंती, शाळांना सुटी, आणि लातूर-नांदेडकडील सारी भावंडें एकत्र. आमच्या घरीं ही यात्रा पूर्वापार याच दिवसांत होत आली आहे. परंतु यंदा तीवरून घरांत चांगलाच वाद माजला. आतां दत्तशिखरापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. मग पायीं कशाला, असें सुनांचें म्हणणें. आणि तें सर्वस्वी चुकीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण पायीं जाण्याचा हट्ट ज्यांनीं धरला होता त्या आमच्या थोरल्या वहिनींस एकाहत्तरावें वर्ष चालू आहे.

त्यांच्या हट्टास कारण होतें. १९७२ सालीं मराठवाड्यावर पावसानें पाठ फिरविली. पुढच्या वैशाखांत विहिरी कोरड्या, बायकापुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते आणि घरोघर परदेशच्या मिलोची भाकरी होती. त्या वैशाखांत आमच्या मातोश्री नव्या सुनेला घेऊन माहूर चढल्या. माथ्यावरील मठांत पाणी तळाला गेलें होतें. तेथील गोसाव्यांनीं आल्यागेल्यास प्रत्येकीं एक वाटी पाणी दिलें, न मागतां दिलें. मातोश्रींनीं ती वाटी अर्धी पिऊन अर्धी सुनेस दिली, आणि 'येत्या वर्षीं या रांजणांत गोदावरीचें पाणी मी हातानें आणून घालीन' असें बोलून बसल्या. पुढें संसार, आजारपणें, आणि मग त्या गेल्या. वर्षें लोटलीं. वहिनी बोलत नसत, पण २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें वर्तमान ऐकून त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, सासूबाईंचें पाणी अजून राहिलेंच आहे." यंदा त्यांनीं फिरकीचा जुना तांब्या घांसून ठेविला, नांदेडच्या घाटावरून स्वतः भरून आणिला, आणि मी पायींच जाणार म्हणून सांगितलें. शेवटीं तोड निघाली ती अशी : मोटार भाड्यानें घ्यावी, ती रस्त्यानें पुढें जाऊन दत्तशिखराच्या पायऱ्यांखालीं उभी राहावी, आणि वहिनींना जेथें नकोसें होईल तेथें त्यांनीं कोणाचें न ऐकतां तींत बसावें.

वैशाखांत डोंगर चढणें यांत साहसाचा भाग थोडा, वेळापत्रकाचा फार. आल्प्सचे लोकहि पहाटे अंधारांत निघतात. तेथें उशीर केल्यास दुपारीं बर्फ मऊ पडतें आणि विजा कडाडतात. आमच्याकडे उशीर केल्यास एक सूर्यच पुरे. नऊच्या आंत छायेस पोहोंचावें आणि चारपर्यंत ती सोडूं नये, हा नियम आम्हीं मंडळींस आदल्या रात्रींच बजावला होता. शिदोरींत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. बाटल्यांत मीठ-साखर घातलेलें कैरीचें पन्हें आणि माणशीं दोन लिटर पाणी. प्रत्येकाच्या डोक्यास ओला पंचा. खिशांत कांदा ठेवण्याची चाल आहे. तो खुशाल ठेवावा, परंतु पंचा बांधून झाल्यावर.

आम्ही साडेचारास निघालों. रेणुकेच्या पायऱ्या उजाडतांना चढलों. जयंतीमुळें दर्शनाची रांग लांब होती. तींत दोन तास गेले. देवीचा कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडांत टाकून दत्तशिखराच्या वाटेस लागावयास आठ वाजून गेले. पायवाट मधूनमधून गाडीरस्त्यास मिळते आणि पुन्हां रानांत शिरते. रस्त्यानें जाणाऱ्यांना जें रान दिसत नाहीं तें हें. सागाचीं झाडें पार निष्पर्ण, खालीं वाळल्या पानांचा घोट्याएवढा थर, पाऊल पडतांच पापड मोडल्यासारखा आवाज. पळस केव्हांच फुलून गेलेला. पण बहावा ऐन भरांत, जणूं कोणी पिवळे झुंबर टांगून ठेविले आहेत. टेंभरें पिकलीं होतीं, चारोळीहि. मुलांनीं तीं चाखलीं, आणि दुकानांतील चारोळी ही या आंबटगोड फळाच्या आंतील बी आहे हें ऐकून त्यांस मोठा अचंबा वाटला. कोठेंतरी पावशा ओरडत होता. तेंदूचीं पानें खुडावयास आलेल्या बायका पहांटेपासून कामाला लागल्या होत्या. पानांच्या जुड्या बांधणारे त्यांचे हात आम्हीं कितीतरी वेळ पाहत राहिलों.

वहिनी सावकाश चालत होत्या. शंभर पावलें आणि एक उभ्याचा विसांवा, असा त्यांचा हिशेब. तांब्या कोणाच्या हातीं देत नव्हत्या. आमचा भाचा मात्र पुढें पळे, मागें येई, छायाचित्रें घेई. तिकडे दहा हजार फूट चढलेल्या माणसास हें टेकाड काय, असा त्याचा भाव. डोक्यावरचा पंचा त्यानें गळ्यांत टाकला होता, आणि पन्हें गोड लागतें म्हणून धाकट्यांना देऊन टाकलें होतें. साडेनवाच्या सुमारास शेवटच्या चढाच्या अलीकडे तो एकाएकीं खालीं बसला. चेहरा पांढराफटक, अंगावर घामाच्या धारा, पोटऱ्यांत वांब, आणि मग वांती. आम्हीं हांक मारली तर उत्तर देई, पण उशिरानें.

जवळच पानें खुडणाऱ्या तिघी होत्या. त्यांनीं न सांगतां आपल्या ओझ्यांवरचें धडोतें सोडून दोन झाडांस बांधलें आणि सांवली केली. एकीनें आपला पाण्याचा डबा पुढें केला. तो अर्धाच होता. आमच्या बाटल्या रांगेच्या त्या दोन तासांत बहुतेक संपल्या होत्या. उरलें तें पाणी घोटघोट पाजावयास हवें होतें, आणि अंग निववावयास कांहींच शिल्लक नव्हतें. तेव्हां वहिनी पुढें झाल्या. त्यांनीं तांब्याची फिरकी काढली. एकनाथांच्या कावडीची गोष्ट त्या क्षणीं आम्हांस आठवली. त्यांना ती आठवली कीं नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "पंचा द्या इकडे." गोदावरीचें पाणी पंचावर, पंचा मानेवर, काखेंत, कपाळावर, एकजण पत्रावळीनें वारा घाली. पाऊण तासानें त्याच्या तोंडावर रंग आला, आणि 'मामी, तांब्या...' असें कांहींसें तो पुटपुटूं लागला.

येथें वाचकांसाठीं दोन शब्द. घाम येत आहे, डोकें दुखतें, मळमळतें, वांब येतात, तोंवर माणूस छायेंत, गारव्यांत आणि मीठ-साखरेच्या पाण्यानें सांवरतो. परंतु अंग तापलेलें असतां माणूस असंबद्ध बोलूं लागला किंवा शुद्ध हरपूं लागली, तर तो उष्माघात. मग त्याला घाम असो वा नसो. तेव्हां घरगुती उपायांवर विसंबूं नये. अंगावर पाणी घालीत, वारा घालीत त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें, आणि बेशुद्धाच्या तोंडांत पाणी मुळींच ओतूं नये. आमची मोटार हांकेच्या अंतरावर होती, हें त्या दिवशींचें मोठें भाग्य. पायीं जाणाऱ्यांनीं मोटारीची निंदा करूं नये असें आम्हांस तेव्हांपासून वाटतें. तींतूनच भाच्यास पायऱ्यांपर्यंत नेलें. वहिनी मात्र बसल्या नाहींत. त्या बायकांस कांहीं द्यावें म्हणून आमच्या मंडळींनीं पैसे पुढें केले, ते त्यांनीं घेतले नाहींत, धपाटे घेतले.

दत्तशिखरावरील मठ दशनामी परंपरेचा. पायऱ्या चढून आंत गेल्यावर जाड भिंतींच्या ओसरींत जो गारवा अंगास लागतो त्याचें वर्णन शब्दांनीं होणार नाहीं. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि आंत दगडी फरशीस तळवे टेकतांच डोळे आपोआप मिटत. रांजणावर पेला होता. एका सेवेकऱ्यानें आमच्याकडे पाहिलें, भाच्याकडे अधिक पाहिलें, आणि कोठून आलांत हें विचारण्यापूर्वीं पाणी दिलें. मग त्याला भिंतीशीं निजविलें. नांव, गांव, कूळ यांची चौकशी झाली ती तासाभरानें, तीहि गप्पांच्या ओघांत.

भाचा उठून बसला तेव्हां दोन वाजले होते. त्यानें ओसरीचे खांब, रांजण, कोनाडा, कोपऱ्यांत घोरणारे दोन यात्रेकरू असें सारें एकवार पाहून घेतलें. तिकडच्या घरांत रात्रीं राहावयाचें तर जागा आधीं सांगून ठेवावी लागते, पैसे द्यावे लागतात; पण हिवाळ्यांत रखवालदार खालीं गेल्यावरहि एक खोली उघडी ठेवतात, तींत लांकडें आणि घोंगड्या असतात, असें तो सांगूं लागला. सेवेकऱ्यानें तें लक्ष देऊन ऐकलें व विचारलें, "आणि तेथें कोणी आलें गेलें तें बघतो कोण?" कोणीच नाहीं, म्हणून भाचा म्हणाला. सेवेकऱ्यास ही व्यवस्था पसंत पडलेली दिसली नाहीं.

वहिनी इतका वेळ तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या आणि रांजणाशीं गेल्या. तांब्यांत दोन ओंजळी पाणी उरलें होतें. त्यांनीं सेवेकऱ्यास सांगितलें, गोदावरीचें आहे, सासूबाईंनीं बोललेलें आहे, पण वाटेंत खर्चीं पडलें. त्यानें रांजणावरचें झांकण काढून बाजूस धरलें. पाणी आंत पडल्याचा आवाज फारसा झाला नाहीं. त्यानें झांकण पुन्हां ठेवलें आणि जेवून जा म्हणाला.

अनसूयेच्या शिखरावर भाच्याला त्या दिवशीं नेलें नाहीं. त्याची आई त्याच्याजवळ बसून राहिली आणि आम्ही बाकीचे साडेचारानंतर जाऊन आलों. तेथून सांजेच्या उन्हांत पैनगंगेचें खोरें आणि पलीकडचा यवतमाळचा मुलूख दिसतो. पाऊस पडून गेल्यावर, श्रावणी पौर्णिमेस माहूरची परिक्रमा असते तेव्हां, हेंच करडें रान हिरवें होऊन ओळखूंहि येत नाहीं. उतरतांना मुलांनीं पायवाटेचाच हट्ट धरला. आम्हीं तो मोडला, कारण अंधार पडूं लागला होता आणि सकाळपासून पुष्कळ झालें होतें. रात्रीं मुक्कामावर वहिनींनीं गुडघ्यांस तेल चोळून घेतलें, तांब्या उपडा घालून ठेविला, आणि पुढील वर्षीं अक्षय्यतृतीया इंग्रजी कितव्या तारखेस येते तें पंचांगांत पाहून ठेवावयास आम्हांस सांगितलें.